मांत्रिकाकडे जाणारा माणूस मूर्ख नसतो

मृग लागला की पेरणीची घाई सुरू होते आणि त्याच दिवसांत बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडतात. बांधावर गवत कापताना, अंधारात गोठ्याकडे जाताना, कधी जमिनीवर अंथरलेल्या गोधडीतच कुणाला तरी जनावर चावतं. घर जागं होतं. कुणी पायाला करकचून दोरी बांधतं, कुणी शेजाऱ्याला हाक मारतं. मारुतीच्या देवळात न्यायचं, मांत्रिकाला बोलवायचं की पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या दवाखान्याकडे निघायचं, हे काही मिनिटांत ठरवावं लागतं. पुष्कळ घरांत आजही आधी मांत्रिकाला निरोप जातो. शहरात बसून आपण ती बातमी वाचतो आणि म्हणतो, 'अडाणी लोक, दुसरं काय!'

मला हे 'दुसरं काय' मान्य नाही. अंधश्रद्धा बुद्धी कमी असल्यामुळे येते असं आपण धरून चाललो, म्हणून आपले उपायही भाषण, पोस्टर आणि खिल्ली यांच्यापुढे फारसे गेले नाहीत. मांत्रिकाकडे धावणारा माणूस आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यावरूनच निर्णय घेत असतो. तो पुरावा अर्धा असतो, एवढंच. उरलेला अर्धा त्याच्यापर्यंत पोहोचवणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते केलेलं नाही. सर्पदंशात हे फार स्वच्छ दिसतं, म्हणून तेच उदाहरण धरून लिहितो.

गावाने पाहिलेला पुरावा काय असतो, ते आधी पाहू. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या साठेक विषारी आहेत. माणसांचे जीव घेणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे सगळे चावतात, रक्तही काढतात, पण त्यांच्या चावण्याने कुणी मरत नाही. शिवाय विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाही. दात लागतात आणि विष उतरतच नाही, अशा दंशाला डॉक्टर कोरडा दंश म्हणतात. आता समजा, एका मांत्रिकाकडे काही वर्षांत शंभर माणसं आली. त्यांतल्या साठांना बिनविषारी साप चावला होता. राहिलेल्या चाळिसांत कुणाला कोरडा दंश, कुणाला अगदी थोडं विष. मंत्र म्हटला नसता तरी यातली ऐंशी माणसं जगली असती. गावाला दिसतं ते असं : शंभर जणांना मांत्रिकाच्या ओट्यावर नेलं आणि ऐंशी जण आपल्या पायांनी घरी आले. कुठल्याही माणसाला हा गुण मोठाच वाटेल.

याच्या पुढचा भाग अधिक घातक आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. उरलेल्या वीस जणांचं काय होतं? चार-पाच तास मंत्र चालतो. मग पापण्या मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. तेव्हा कुठे जीप शोधली जाते आणि माणूस तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचतो. तिथे तो दगावतो. म्हणजे मांत्रिकाकडे सौम्य रुग्ण जातात आणि वाचतात, दवाखान्यात मरणाच्या दारातले रुग्ण जातात आणि त्यांतले बरेच मरतात. दोन्ही ठिकाणं डोळ्यांनी पाहिलेल्या म्हाताऱ्याला विचारा, तो प्रामाणिकपणे सांगेल की मांत्रिकाकडे नेलेला वाचतो आणि दवाखान्यात नेलेला जातो. त्याचं निरीक्षण खोटं नाही. कोण कुठे आणि किती उशिरा पोहोचलं, हा रकाना तेवढा त्याच्या हिशेबाच्या वहीत नाही.

आपल्या परंपरेला ही चूक अपरिचित नव्हती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि पाहणारा म्हणतो की कावळ्याने फांदी मोडली. काकतालीय न्याय म्हणून शास्त्रीपंडितांनी हीच गोष्ट शतकानुशतकं सांगितली. पण एका कावळ्याची चूक ओळखणं सोपं असतं. शंभर कावळ्यांपैकी ऐंशी वेळा फांदी तुटताना पाहिली तर पंडितही डगमगेल. १६२० साली इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने एक जुनी कथा पुन्हा सांगितली. देवळात एका माणसाला चित्रं दाखवतात : नवस बोलून समुद्राच्या तडाख्यातून वाचलेल्यांची. आता तरी देवाची शक्ती मान्य कर, असं त्याला म्हणतात. तो उलट विचारतो, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? बुडालेला माणूस चित्र काढून घ्यायला परत येत नाही. मांत्रिकाच्या ओट्यावर मेलेला माणूसही चावडीवर बसून आपला अनुभव सांगत नाही. सांगतात ते वाचलेले, आणि ते आयुष्यभर सांगतात.

हीच तऱ्हा कावीळ आणि विंचवाची. साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. तेवढ्या दिवसांत गळ्यातली काविळीची माळ काड्या सुकून सैल होते, खाली सरकते आणि 'कावीळ उतरली' याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होते. चुन्याच्या पाण्यात रुग्णाचे हात धुतले की पाणी पिवळं होतं, तेही आधी हाताला चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. विंचवाची कळ बहुतेक वेळा दिवसभरात कमी होत जाते, मग मंत्र टाका किंवा टाकू नका.

मांत्रिकाच्या परीक्षाही अशाच असतात की त्या कधी नापास होत नाहीत. साप चावलेल्याला कडुलिंबाचा पाला चघळायला देतात. कडू लागला तर विष चढलेलं नाही, नाही लागला तर चढलंय. भीतीने तोंड कोरडं पडलेल्या, निम्म्या शुद्धीवरच्या माणसाला कशाचीच चव लागत नाही, आणि अजून लक्षणंच सुरू न झालेल्याला पाला कडूच लागतो, भले त्याच्या अंगात मण्यारीचं विष असो. कुठे जखमेवर कोंबडीचं पिल्लू दाबून धरतात. पिल्लू मेलं की त्याने विष ओढलं असं समजतात. घट्ट दाबून धरलेलं पिल्लू गुदमरून मरतं याचा विचार त्या क्षणी कुणाच्या मनात येत नाही. माणूस दगावलाच तर कारणं तयार असतात : आणायला उशीर केला, वाटेत विटाळ झाला, कुणीतरी शंका घेतली. गुण आला तर तो मंत्राचा, नाही आला तर दोष घरच्यांचा. ज्या दाव्याला हरायची जागाच ठेवलेली नाही, त्याला हरवणार कसं? आणि हे सगळं मांत्रिक लबाडीने करतो असंही नाही. साप उतरवणारे कित्येक जण एक पैसाही घेत नाहीत; पैसे घेतले तर विद्या जाते, असा त्यांचाच नियम असतो. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ऐंशी माणसं उठून गेलेली पाहिली आहेत. त्यांचा स्वतःवरचा विश्वास खरा असतो, म्हणून तर तो एवढा पटतो.

माणसाचं मन असं अर्ध्या हिशेबावर का भागवून घेतं? अंधारात पडलेल्या दोरीला साप समजणं हे आपल्या वेदान्त्यांचं आवडतं उदाहरण. त्यांनी ते अज्ञान समजावण्यासाठी वापरलं. व्यवहाराच्या बाजूने पाहिलं तर त्यात शहाणपणही दिसतं. दोरीला साप समजून उडी मारली तर जातं काय? थोडा दम लागतो. सापाला दोरी समजून पाय दिला तर जीव जातो. लाखो वर्षं अशा जगात जगलेल्या प्राण्यांत पहिली चूक करणारे टिकले. नसलेला संबंध दिसणं ही आपल्या मेंदूने मुद्दाम राखलेली सवय आहे, कारण असलेला संबंध हुकणं परवडण्यासारखं नव्हतं.

ही सवय माणसापुरतीही नसावी. १९४८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याने भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळतील अशी व्यवस्था केली. कबुतराने काहीही केलं तरी दाणे येणारच होते. तरीही थोड्याच काळात एक कबुतर गोल गोल फिरू लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. दाणे येण्याच्या वेळी जी हालचाल चालू होती तीच ते पुन्हा पुन्हा करू लागलं. या प्रयोगाचा अर्थ काय लावायचा यावर पुढे संशोधकांत वाद झाले, पण 'यानंतर हे झालं, म्हणून यामुळे हे झालं' ही उडी किती खोलवरची आहे याची कल्पना त्यातून येते.

मात्र सवय सगळ्यांची सारखी असेल तर काही ठिकाणी अंधश्रद्धा उदंड आणि काही ठिकाणी क्षीण, असं का? इथे मला ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाचं निरीक्षण सगळ्यांत मोलाचं वाटतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला. तिथले कोळी आतल्या शांत खाजणात मासेमारी करत तेव्हा काही तंत्रमंत्र करत नसत. तिथे मासा हमखास मिळे आणि धोका नसे. तेच कोळी उघड्या समुद्रात निघाले की विधींची रांग लागे. माणसं तीच, अक्कल तीच, होडी बांधायचं कसबही तेच. बदलली होती ती फक्त अनिश्चितता. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडत होती. तेव्हा तिथल्या नागरिकांच्या मुलाखती घेऊन गिओरा केनान या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की ज्या भागांत क्षेपणास्त्रांचा धोका जास्त, तिथे शकुन-अपशकुन आणि जादूटोण्यासारखा विचारही जास्त. ती शिकलेली, आधुनिक शहरांत राहणारी माणसं होती. हातात काही उरलं नाही की मन काहीतरी धरू पाहतं.

महाराष्ट्राच्या इतिहासातही हे दिसतं, आणि आपण त्याकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की मरीआईचा गाडा निघे. गावची पीडा त्यावर चढवून गाडा वेशीपार ढकलायचा, पुढच्या गावाने तो आणखी पुढे. देवीच्या रोगात घरात कोंडलेलं पोर म्हणजे साक्षात देवी अंगात आलेली, म्हणून तिला राग येईल असं काही करायचं नाही. मग लस घरोघर पोहोचली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. क्लोरीन टाकलेलं पाणी आणि सलाइन पोहोचलं तशी पटकीची दहशत ओसरली. मरीआईची देवळं आजही आहेत, तिची जत्राही भरते, आणि भरावी. लोकांची श्रद्धा हा त्यांचा अधिकार आहे. पण पटकी झाली म्हणून आज कुणी गाडा ढकलत नाही. हे भाषणाने झालं नाही. ज्या भीतीवर तो विधी उभा होता ती भीतीच गेली.

आता कुणी म्हणेल, मग शिकलेले, सुस्थितीतले लोक का मानतात? २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी गणपती दूध पितो ही वार्ता काही तासांत देशभर आणि परदेशातल्या मंदिरांपर्यंत पोहोचली. रांगांत डॉक्टर होते, इंजिनिअर होते, प्राध्यापक होते. केंद्र सरकारच्या विज्ञानप्रसार विभागाच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं. पण त्याआधीच शेकडो जण एकमेकांकडे बघत रांगेत उभे होते, आणि एवढे सगळे चुकतील का, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनात होता. आपण बहुतेक गोष्टी इतरांच्या भरवशावरच मानत असतो. पृथ्वीचं सूर्याभोवती फिरणं तरी आपल्यापैकी किती जणांनी स्वतः मोजलंय?

शिवाय डोक्याला पटणं आणि हाताने करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांसमोर दोन बाटल्यांत साधी साखर ठेवली. एका बाटलीवर साखर, दुसरीवर सोडियम सायनाइड अशी चिठ्ठी लावली, तीही त्या लोकांनी स्वतःच्या हाताने. दोन्हींत साखर आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी विषाची चिठ्ठी लावलेल्या बाटलीतली साखर खायला ते कचरले. शिक्षणाने डोक्यातली माहिती बदलते. हात आखडण्याची ती जुनी ओढ मात्र आत तशीच राहते, आणि म्हणून पदवीधर माणूसही गाडीला लिंबू-मिरची बांधतो, 'करून बघायला काय जातं' म्हणतो.

हे 'काय जातं' मला महत्त्वाचं वाटतं. लिंबू-मिरचीने फार काही जात नाही, म्हणून मी त्यावर घसा कोरडा करणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या अनेक मित्रांशी माझा इथे मतभेद आहे. सगळ्या समजुती एकाच मापाने मोजून प्रत्येकीवर तुटून पडलं की लोक आपल्यापासून दूर जातात, आणि जिथे खरोखर जीव जातो तिथे आपला शब्द ऐकायला कुणी उरत नाही. सर्पदंशात जातो तो वेळ. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, झोपेत होतो. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, पोटात कळ येते, आणि काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. या सगळ्यावर उतारा आहे : घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं, या चारही सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष. मुंबईची हाफकिन संस्था ते कित्येक दशकं बनवत आली आहे. ते लवकर दिलं तर माणूस बहुधा वाचतो. मंत्रात गेलेल्या तासांची भरपाई मात्र त्या इंजेक्शनाने होत नाही. करकचून बांधलेल्या दोरीचाही उपयोग नसतो. उलट रक्तपुरवठा तुटून पाय गमवायची वेळ येते.

मांत्रिक-देवऋषी टिकून राहण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्यावर वैद्यकशास्त्राकडे औषध नाही. आफ्रिकेतल्या अझांदे लोकांमध्ये राहिलेल्या इव्हान्स-प्रिचर्ड या अभ्यासकाने १९३७ साली हे फार नेमकं मांडलं. धान्याची कोठी कोसळून खाली बसलेला माणूस मेला, तर खांब वाळवीने खाल्ले होते हे अझांद्यांना पुरतं ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : नेमका हाच माणूस खाली बसलेला असताना, नेमकी तेव्हाच कोठी का पडली? जिचं पोर साप चावून गेलं त्या आईचा प्रश्न हाच असतो. साप साऱ्या गावाच्या शेतात आहेत, माझ्याच लेकराला का चावला? डॉक्टर सांगतो विष कसं चढलं. देवऋषी सांगतो का चढलं : कुलदैवताचं राहिलंय, कुणीतरी करणी केली. त्याचं उत्तर खोटं असतं, पण त्याने प्रश्न तरी ऐकून घेतलेला असतो. आणि त्या खोट्या उत्तराची किंमत मग दुसरंच कुणी मोजतं. सातपुड्यात नंदुरबारकडे एखादी एकटी, बहुधा विधवा किंवा म्हातारी बाई डाकीण ठरते आणि तिच्यावर काठ्या उगारल्या जातात. 'का' या प्रश्नाचं उत्तर म्हणून ज्या दिवशी एखाद्या माणसाकडे बोट दाखवलं जातं, त्या दिवशी समजूतदारपणा संपवून पोलिसांना बोलवावं लागतं. इथे माझी काही सवलत नाही.

कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये नरबळी व जादूटोणा प्रतिबंधक अधिनियम विधिमंडळात मंजूर झाला. त्यासाठी दाभोलकरांनी अनेक वर्षं घालवली होती. कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. लोकांना लुबाडणाऱ्या, बायकांचं शोषण करणाऱ्या बाबांसाठी हा कायदा अत्यंत गरजेचा आहे आणि तो आणखी नेटाने राबवायला हवा. पण साप उतरवणाऱ्यापुढे तो थबकतो. तक्रार द्यायची कुणी? बापाने स्वतःच मुलाला तिथे नेलेलं असतं. मांत्रिकाने पैसे घेतलेले नसतात, कुणाला अडवलेलं नसतं, रात्रभर बिचाऱ्याबरोबर तोही जागलेला असतो. गुन्हा दाखल करायला पोलिसांना फसवणारा लागतो आणि इथे सगळेच फसलेले असतात.

म्हणून मला बोट दुसरीकडे दाखवायचं आहे. सर्पदंशाचा अर्धा हिशेब गावानेच ठेवला असं नाही, सरकारनेही तोच केला. देशव्यापी मृत्यू-सर्वेक्षणावर आधारलेल्या अभ्यासाने २०११ साली दाखवलं की २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४६ हजार माणसं साप चावून मेली. त्यांतली ९७ टक्के खेड्यांतली, आणि रुग्णालयात झालेले मृत्यू फक्त २३ टक्के. सरकारी नोंदींत यातले फारच थोडे दिसत होते, कारण तिथे दवाखान्यात मेलेलाच मोजला जातो. पुढच्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यूंचा अंदाज दिला, म्हणजे वर्षाला ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत २०१७ साली घेतलं. आणि आपल्या केंद्र सरकारने प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं, ते २०२४ च्या नोव्हेंबरात. जे मेले ते मोजलेच नाहीत, तर किती प्रतिविष कुठे लागेल हे कुणाला कळणार?

गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं चित्र ग्रामीण वाचकांना सांगायला नको. कधी प्रतिविष नसतं. असलं तर ते द्यायला नवा डॉक्टर घाबरतो, कारण त्याची तीव्र रिॲक्शन येऊ शकते आणि रुग्ण टेबलावर गेला तर नातेवाईक अंगावर येतील ही भीती असते. मग चिठ्ठी मिळते : जिल्ह्याला न्या. रक्त गोठतंय की नाही हे पाहायला काचेची स्वच्छ कोरडी परीक्षानळी, दोन मिलिलिटर रक्त आणि न हलवता वीस मिनिटं एवढंच पुरतं. रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हवं. हे शिकवायला फार मोठं प्रशिक्षण लागत नाही. पण ज्या बापाला एकदा रात्री दोन वाजता बंद दारावरून किंवा 'पुढे न्या' म्हणून परत फिरावं लागलं, त्याच्यापुढे पुढच्या खेपेला मांत्रिक हाच शहाणा पर्याय असतो. मांत्रिक घरी येतो, हात धरतो, 'होईल बरं' म्हणतो. आणि मांत्रिकाकडे मेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांवर पुढे आणखी एक घाव पडतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूला दोन लाख रुपये आहेत, पण त्याला वैद्यकीय कागद लागतो. तो कागद त्यांच्याकडे नसतो.

दवाखाना कामाचा ठरला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच कोकणात आहे. सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाने डसलेली माणसं मरताना पाहत होते. फुफ्फुसांत पाणी, तोंडातून गुलाबी फेस, आणि हातात उपाय नाही. ते रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले, प्रत्येक लक्षण टिपून ठेवलं, आणि पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशात वापरून पाहिलं. गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनांवर आलं. त्यांनी सर्वांत आधी जे केलं ते मला विशेष वाटतं : जगलेले आणि मेलेले दोन्ही लिहून ठेवले. मांत्रिकाकडे नसते ती वही त्यांच्याकडे होती. आणि आपला माणूस वाचवून देणारं दार कुठे आहे हे कळायला लोकांना व्याख्यानाची गरज पडत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रत्येक आरोग्य केंद्राबाहेर मोठ्या अक्षरांत फळा लावा : प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, या हंगामात साप चावलेले किती आले, दंशानंतर किती तासांनी आले, त्यांतले किती जगले. दोन तासांत आलेले आणि आठ तासांनी आलेले यांच्या रकान्यांतला फरक गावाला स्वतः वाचू द्या. मन अर्ध्या पुराव्यावर चालतं हे एकदा कळलं, की त्याला पुरा पुरावा देणं हाच त्याच्याशी सन्मानाने बोलण्याचा मार्ग आहे.

आणि मांत्रिकाला सोबत घ्या. यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. त्याला बरोबर घेणं म्हणजे अंधश्रद्धेला सरकारी शिक्का देणं, असं काही जण म्हणतील. त्यांची काळजी खरी आहे, पण रात्री दोन वाजता निरोप त्यालाच जातो ही वस्तुस्थिती त्या काळजीने बदलत नाही. मेळघाटात भुमकांनी, म्हणजे तिथल्या पारंपरिक मांत्रिक-वैदूंनी, रुग्णाला दवाखान्यात पाठवावं यासाठी त्यांना प्रशिक्षण देण्याचे प्रयत्न आरोग्य खात्याने केले आहेत. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मनोरुग्णांसाठी दुवा आणि दवा शेजारी शेजारी चालतात. सापाच्या बाबतीत अट एकच असावी : आधी गाडी, मग मंत्र. म्हणायचाच असेल तर गाडीत बसून, रुग्णाचा हात धरून म्हणावा. त्या धीराने घाबरलेल्या माणसाचा श्वास शांत होणार असेल तर मला त्याचं वाईट वाटणार नाही. एक मेची ग्रामसभा मृगाच्या महिनाभर आधी येते. कुठल्या केंद्रात प्रतिविष आहे आणि ते द्यायला तयार असलेला डॉक्टर रात्री असतो का, एकशे आठची गाडी यायला किती वेळ लागतो, तोवर गावातल्या कुणाची जीप निघेल, डिझेलचे पैसे पंचायत देईल का, आणि मांत्रिकाने पहिला फोन कुणाला करायचा, एवढं तिथे ठरवून घेता येतं. मांत्रिकालाही त्या सभेला बोलवावं, आणि त्याच्यासमोरच ठरवावं.